एमपर्यंतची थोरली

थोरलीने इंग्रजी भाषेचे दोन तुकडे केले ते भाजी चिरायच्या सुरीने, आणि त्यात तिला काडीचंही वावगं वाटलं नाही. वाटणी करणं हा तिचा स्वभावच होता. दोघी जावांनी एका घरात गुण्यागोविंदाने राहायचं तर कुणी काय करायचं हे आधीच ठरलेलं बरं, असं तिचं स्पष्ट मत. धाकटी लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात थोरलीने तिला समोर बसवून सांगून टाकलं होतं, "चिरणं-निवडणं तुझं, शिजवणं माझं. धुणं तुझं, भांडी माझी. आणि एकीने दुसरीच्या कामात नाक खुपसायचं नाही." धाकटीने मान डोलावली. त्यानंतर कितीतरी वर्षं ती मान डोलावतच होती, आणि घर खरोखर बिनबोभाट चाललं होतं. तेव्हा थोरलीच्या पद्धतीला नावं ठेवायला जागा नव्हती.

दोघींची नोकरीही एकाच ठिकाणी होती. विमानतळावर तळमजल्याच्या एका टोकाला 'हरवलं-सापडलं' नावाचा विभाग होता. प्रवासी विमानात, बाकांवर, स्वच्छतागृहात जे काही विसरून जात, ते सगळं तिथे येई. पुढे एक काउंटर, काउंटरमागे एक कारकून, आणि कारकुनाच्या मागे दार उघडलं की लांबलचक खोलीत लोखंडी रॅकच रॅक. नियम असा की वस्तूचं इंग्रजी नाव ज्या अक्षराने सुरू होतं त्या अक्षराच्या रॅकवर ती ठेवायची. बॅग बीवर, कॅमेरा सीवर, छत्री यूवर. या खोलीत दोघी जावा काम करत. थोरलीने तिथेही वाटणी केलीच होती. एपासून एमपर्यंतचे रॅक तिचे, एनपासून झेडपर्यंतचे धाकटीचे. मधल्या खांबापाशी हद्द. थोरली त्या खांबाच्या पलीकडे केर काढायलासुद्धा जात नसे.

एके दिवशी बीच्या रॅकवरचं एक जाडजूड पुस्तक मुदत संपली म्हणून निकालात निघालं. इंग्रजी शब्दांचं आणि वाक्प्रचारांचं पुस्तक, सगळं अक्षरवार लावलेलं. कुणी न्यायला आलं नाही, तेव्हा काउंटरवरचा कारकून म्हणाला, "घेऊन जा, शिका दोघी. मी आता निवृत्त होणार. माझी खुर्ची रिकामी होईल. जिला इंग्रजी बोलता येईल ती बसेल."

त्या खुर्चीबद्दल थोडं सांगायला हवं. खुर्ची साधीच होती, चाकांची, एका हाताचं कातडं उसवलेली. पण थोरलीने आजवर जे काम केलं ते सगळं कशाच्या ना कशाच्या मागे उभं राहून. आधी स्वयंपाकघराच्या दारामागे, मग एका शिवणकामाच्या कारखान्यात मालाच्या गठ्ठ्यांमागे, आणि आता रॅकमागे. आपण समोर बसलोय, छातीवर नावाची पट्टी आहे, आणि माणसं रांग लावून आपल्याला काहीतरी विचारताहेत, हे चित्र तिच्या मनात इतक्या वर्षांत इतकं पक्कं झालं होतं की ती रात्रंदिवस तेच बघे. लोकांना ती सांगे, "माझे गुडघे दुखतात, बसून काम पाहिजे." गुडघे दुखत होते हे खरं. पण तिला ती खुर्ची हवी होती ती गुडघ्यांसाठी नव्हे.

तर पुस्तक घरी आलं. एक पुस्तक आणि दोन विद्यार्थिनी म्हटल्यावर थोरलीने सुरी घेतली, एम संपतो तिथे शिवण शोधली आणि पुस्तकाचा बरोबर मधोमध निकाल लावला. "हे माझं, ते तुझं. आधी आपापलं तोंडपाठ करायचं, मग एकमेकींना शिकवायचं. काम निम्म्यात होईल." कामं वाटून घेतली की लवकर उरकतात, मग भाषाच काय ती वेगळी, असा तिचा हिशोब. धाकटीने आपला तुकडा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला आणि मान डोलावली.

अभ्यास सुरू झाला. आठवड्याला एक अक्षर. थोरलीची पद्धत म्हणजे तोंडाचा पट्टा. ती भांडी घासताना ओरडून पाठ करायची. पातेल्याच्या घासण्यावर बी चालायचा, "बॅग! बेल्ट! बॉटल! ब्लॅक! ब्राउन! बिग!" आणि मग त्याच अक्षराचे वाक्प्रचार, "ब्रेक द आइस! बाइट द बुलेट! बॅक टू स्क्वेअर वन!" थोरलीचा नवरा दुसऱ्या खोलीतून ओरडायचा, "अगं, हळू! शेजारचे काय म्हणतील?" त्यावर ती म्हणायची, "काय म्हणायचंय ते बी वरून म्हणू देत." वाक्प्रचारांवर तिचा विशेष जीव. एक अक्षर आपलं असलं की पुढचे सगळे शब्द फुकटात पदरात पडतात, असा तिचा व्यवहार. धाकटी मात्र भाजी चिरता चिरता ओठ न हलवता पाठ करायची. तिने काय पाठ केलंय हे कुणालाच ऐकू येत नसे, आणि थोरलीने कधी विचारलंही नाही; एकमेकींना शिकवायचं ते राहूनच गेलं.

भांडण झालं ते एकदाच. 'अ पीस ऑफ केक' हा वाक्प्रचार कुणाचा, यावर. एखादं काम अगदी सोपं आहे म्हणायचं असेल तर इंग्रजीत त्याला केकचा तुकडा म्हणतात, आणि तो धाकटीच्या पुस्तकात पी खाली छापलेला होता.

"पीस म्हणजे तुकडा. तुकड्याला कोण विचारतं?" थोरली म्हणाली. "खरी वस्तू केक आहे. केक माझ्याकडे. शिवाय सुरुवातीला 'अ' आहे, तोही माझाच."

"पुस्तकात पीवर आहे, जाऊबाई."

"पुस्तकाला काय कळतंय?"

शेवटी वाक्प्रचार धाकटीकडेच राहिला, पण थोरलीने तो त्यानंतर कधी कानावर पडू दिला नाही.

महिने गेले तशी एक गंमत घडली, आणि ती पहिल्यांदा कारकुनाच्या लक्षात आली. तो जेवायला गेला की दोघी काउंटरवर येत आणि परदेशी प्रवाशांशी आळीपाळीने बोलत. धाकटी विचारायची, "व्हॉट?" थोरली पुढे घ्यायची, "बॅग? कोट? कॅमेरा?" धाकटी, "व्हेअर?" थोरली, "गेट? कॅफे? लिफ्ट?" प्रवाशाची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे. कारण एका तुकड्यात सगळ्या वस्तू आणि सगळे हुकूम गेले होते, कम, गो, गिव्ह, होल्ड, हिअर. आणि दुसऱ्या तुकड्यात सगळे प्रश्न आणि सगळा नम्रपणा गेला होता. प्लीज, सॉरी, थँक यू, वेलकम, व्हाय, व्हेन, हू, यस आणि नो, हे सगळं धाकटीचं. 'आय' आणि 'मी' थोरलीचे, 'यू' आणि 'वुई' धाकटीचे. आता सॉरी आणि थँक यू कुणाला येत नाही? थोरलीलाही येत होतं. पण शब्द दुसरीच्या वाटणीचा म्हटल्यावर ती त्याला स्पर्श करीत नसे. कुणाला सॉरी म्हणायची वेळ आली की ती शेजारी कोपर मारायची, आणि धाकटी सॉरी म्हणायची. खरं सांगायचं तर घरीही तेच चाललं होतं, तिथे इंग्रजीचा काही संबंध नसताना.

कारकून हसून म्हणायचा, "तुम्ही दोघी मिळून एक बाई फार छान इंग्रजी बोलते."

थोरलीला हे कौतुक वाटलं. तिने ते घरी येऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

मग कारकून निवृत्त झाला. खुर्चीसाठी अर्ज मागवले. थोरलीने अर्ज केला आणि धाकटीनेही केला. थोरलीला वाटलं, ही आपल्याला सोबत म्हणून आली. एकटीने परीक्षेला जायला अवघड वाटतं ना, म्हणून. तिने धाकटीची पाठ थोपटली आणि म्हणाली, "बरं केलंस. मी खुर्चीवर बसले की मागचं सगळं तूच बघ. खांबाची भानगड नको मग."

यावेळी धाकटीने मान डोलावली नाही, पण ते थोरलीच्या ध्यानात आलं नाही.

परीक्षा घ्यायला विभागाच्या नव्या अधिकारी आल्या. त्यांना सगळे साहेबबाई म्हणत. काटकोनात बसणाऱ्या, कमी बोलणाऱ्या, आणि एकदा नियम सांगितला की तो दगडावरची रेघ. त्यांनी प्रश्नपत्रिका वगैरे काही आणली नव्हती. "प्रत्येकीने एक तास काउंटरवर बसायचं. जे प्रवासी येतील त्यांचं काम करायचं. बोलणं इंग्रजीत. आधी थोरल्या बाई, मग धाकट्या. एकीची पाळी चालू असताना दुसरी त्या बाकावर बसेल आणि मध्ये एक शब्द बोलणार नाही. बोलली तर तिचं नाव कट."

"कबूल," थोरली दोघींच्या वतीने म्हणाली.

ती खुर्चीवर बसली तेव्हा तिला जे वाटलं ते फार सरळ होतं. आनंद झाला, अगदी पोटातून. ती खुर्ची तिने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून बघितली. साहेबबाई भिंतीशी वही घेऊन बसल्या होत्या, त्यांच्याकडे पाहून तिने मान ताठ केली. आपण पास होणार यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

आणि सुरुवात झालीच तशी. पहिला प्रवासी कोट हरवलेला. "ब्लॅक? ब्राउन? ग्रे?" थोरलीने विचारलं. विचारलं कसलं, फैरी झाडल्या. पण कोट मिळाला. मग चाव्या हरवलेली एक मुलगी आली, तीही आनंदाने चाव्या घेऊन गेली. एका गृहस्थाचे कानाचे हेडफोन होते, ते थोरलीने तो शब्द पुरा करायच्या आत आणून समोर ठेवले आणि वर म्हणाली, "कॉल इट अ डे!" आजचं काम आटोपलं म्हणणाऱ्या या बाईकडे बघून गृहस्थ जरा गोंधळला, पण हसला. साहेबबाईंच्या पेनची टोपी निघाली आणि त्यांनी काहीतरी चांगलंच लिहिलं असावं, असं थोरलीला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

मग आला तो रुमालवाला.

चांगला उंचापुरा, उत्तम सुटाबुटातला म्हातारा परदेशी माणूस. तोंडावर पांढरा रुमाल धरलेला, आणि तो काही केल्या तो रुमाल बाजूला करेना. त्याच्या मागे रांगेत पाचसहा माणसं होती. तो थोरलीसमोर उभा राहिला आणि नुसता बघत राहिला.

"गुड मॉर्निंग!" थोरली म्हणाली. "लॉस्ट?"

त्याने मान हलवली, हो.

"बॅग?"

नाही.

"बेल्ट? बुक? कॅमेरा? कॅप? कार्ड?"

नाही, नाही. मागचे लोक पुढे वाकून बघू लागले. म्हाताऱ्याने रुमाल अजून घट्ट धरला आणि त्याच्या कानशिलांवर लाली चढली. थोरलीला वाटलं माणूस बहिरा असावा, म्हणून तिने आवाज वाढवला. "इअररिंग? फाइल? फोन?" नव्हे, फोन पलीकडच्या वाटणीत होता, ती पटकन सावरली. "ग्लासेस? हॅट? हेल्मेट? हँडबॅग?" म्हाताऱ्याची मान नाही नाही करत राहिली, आणि थोरली एकेक रॅक मागे टाकत पुढे निघाली. जॅकेट झालं, 'की' म्हणजे चावी झाली, लॅपटॉप झाला. "मोबाइल? मनी? मिरर?"

मेडिसिन म्हटल्यावर म्हातारा क्षणभर थांबला. मग त्यालाही त्याने नाही अशी मान हलवली.

आणि एम संपला. थोरलीने तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. वर लाउडस्पीकरवर कुठल्याशा विमानाची घोषणा झाली, म्हाताऱ्याने वर बघितलं, घड्याळ बघितलं आणि तो मागे वळायच्या बेतात आला. त्या माणसाची वस्तू त्या खोलीत होती. ती खांबाच्या पलीकडे कुठेतरी होती. याहून जास्त थोरलीला काही ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायला तिच्याजवळ एकही शब्द नव्हता.

"धाकटे!" ती ओरडली. "अगं, ये की लवकर!"

धाकटी तोपर्यंत काउंटरशी आलेली होती. ती काही मोठ्याने बोलली नाही. म्हाताऱ्याकडे पाहून अगदी हळू म्हणाली, "सॉरी, सर. पेन. पेपर. प्लीज." आणि पेन-कागद त्याच्यासमोर सरकवला, तोही असा की मागच्यांना दिसू नये. म्हाताऱ्याने एकच शब्द लिहिला. धाकटीने वाचला, कागदाची घडी घातली, आत गेली आणि टीच्या रॅकवरून एक कागदात गुंडाळलेली डबी घेऊन आली. म्हाताऱ्याने ती घेतली, पाठ फिरवली, खांदे जरा वर-खाली झाले, आणि वळला तेव्हा रुमाल खिशात होता आणि तोंडभर दात होते. कवळी! विमानात झोपताना काढून ठेवलेली. त्याने धाकटीचे दोन्ही हात हातात घेतले आणि भडाभडा बोलत सुटला. मग लांब टांगा टाकत निघून गेला.

रांगेत हशा पिकला नाही, कारण कुणाला काही कळलंच नव्हतं. आणि ते धाकटीने जाणूनबुजून केलं होतं, हे थोरलीच्या तेव्हाच लक्षात आलं. आपण मात्र सगळ्या विमानतळासमोर त्या बिचाऱ्याची उलटतपासणी घेत होतो.

साहेबबाई उठून आल्या. "नियम सांगितला होता," त्या धाकटीला म्हणाल्या आणि वहीत रेघ ओढली. "तुमचं नाव कट. थोरल्या बाई, खुर्ची तुमची."

खुर्ची तुमची. हेच दोन शब्द ऐकण्यासाठी थोरलीने घरातल्या सगळ्या पातेल्यांची कल्हई घालवली होती. ते आता कानावर पडले आणि तिला ते गोड लागले नाहीत. धाकटी मुकाट्याने बाकाकडे निघाली होती. तिच्या पाठीकडे बघून थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाक मी मारली आणि नाव हिचं गेलं.

ती खुर्चीतून उठली. साहेबबाईंना मराठीत सांगता आलं असतं, पण परीक्षा अजून चालू होती आणि बोलणं इंग्रजीत करायचं होतं. नियम पाळण्याच्या बाबतीत थोरली कुणाला ऐकणारी नव्हती. तिने आपल्या तेरा अक्षरांत हात घालून चाचपडून बघितलं आणि जे हाताला लागलं ते एकेक करून बाहेर काढलं.

"मॅडम," ती म्हणाली. "आय कॉल. आय कॉल हर." तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आय बॅड. कट मी." मग तिने रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. "गिव्ह हर चेअर."

कुणाशी तरी मनातलं काही इंग्रजीत बोलायची ही तिची पहिलीच वेळ होती. आजवर तिने त्या भाषेत फक्त वस्तूंची नावं घेतली होती. साहेबबाईंनी वहीतली एक रेघ खोडली आणि दुसरी ओढली.

"ठीक आहे. तुमचं नाव कट. मग राहिल्या त्या एकट्याच. धाकट्या बाई, या, बसा खुर्चीवर. परीक्षेची गरज नाही."

थोरलीला हलकं वाटलं. आपण फार मोठी गोष्ट केली हे तिला कळत होतं आणि आता धाकटीच्या डोळ्यांत पाणी येईल, अशी तिची खात्री होती. ती वाट बघत उभी राहिली.

धाकटी बाकावरून उठली. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. तिचा चेहरा असा लाल झालेला थोरलीने कधी पाहिला नव्हता.

"मला विचारलंत?" धाकटी म्हणाली.

"काय?"

"खुर्ची देऊन टाकलीत मला. मला पाहिजे का ते विचारलंत? अर्ज का केला ते कधी विचारलंत? आणि तुमच्या हाकेला उठले नाही मी. तुम्ही ओरडायच्या आधीच उठले होते, त्या म्हाताऱ्याचे हाल बघवेनात म्हणून. माझं नाव गेलं ते माझ्या पायाने गेलं. ते तुम्ही कशाला परत आणता?"

"अगं, पण मी तुझ्या भल्यासाठीच..."

"तेच तर!" धाकटी म्हणाली. "घर वाटलंत, रॅक वाटलेत, भाषा वाटलीत. आता हेही तुम्हीच वाटून दिलंत. मला खुर्ची पाहिजे, जाऊबाई. पहिल्या दिवसापासून पाहिजे. पण वाट्याला आलेली नको."

भर रस्त्यात कुणी कानाखाली दिली असती तरी थोरलीला एवढं लागलं नसतं. कारण बोलणं खरं होतं. तिने खरंच कधी विचारलं नव्हतं.

धाकटी साहेबबाईंकडे वळली. "मी नियम मोडला. नाव कट ठेवायचं तर ठेवा. नाहीतर माझा तास पूर्ण घ्या. दया म्हणून मी बसणार नाही."

साहेबबाईंनी दोघींकडे बघितलं. दोन्ही रेघा ओढून आणि खोडून त्यांच्या वहीचं पान चांगलंच बरबटलं होतं. मग त्या म्हणाल्या, "बसा. तास सुरू. आणि थोरल्या बाई, तुम्ही बाकावर. एक शब्द नाही."

थोरली बाकावर बसली. आयुष्यात तिने खूप कष्ट केले होते, पण मूग गिळून बसण्याएवढं कष्टाचं काम तिला आजवर कुणी दिलं नव्हतं.

काउंटरवर एक मध्यमवयीन बाई आली, केस विस्कटलेले, हातात लहान मूल. काहीतरी भरभर बोलू लागली. थोरलीच्या मनात आलं, आता हिचं कसं होणार? हिच्याकडे प्रश्न आहेत, पण वस्तू कुठे आहेत? बॅग म्हणायची वेळ आली तर ही काय म्हणेल?

"स्लोली, प्लीज," धाकटी म्हणाली. "व्हॉट यू लॉस्ट? बॅग?" आणि मग एका दमात, "ब्लॅक? ब्राउन? बिग? हँडल? लेदर?"

थोरली ताडकन उठता उठता राहिली. तो आवाज तिचा होता. तोच ठेका, तोच शेवटचा हिसका, 'लेदर'वरचा तो चुकीचा जोरसुद्धा तोच. साहेबबाईंनी नुसती नजर वळवली, तशी थोरलीने तोंडावर हात दाबून धरला.

हरवलं होतं मात्र बाईच्या मुलाचं चित्रांचं पुस्तक, जुनं, त्याच्या सवयीचं. धाकटी आत गेली, पार बीच्या रॅकपर्यंत जाऊन शोधून आली. खांब तिने ओलांडला ते थोरलीने दारातून पाहिलं. पुस्तक नव्हतं. धाकटीने पत्ता लिहून घेतला, विमानाचा क्रमांक लिहून घेतला, "वुई लुक. वुई फाइंड. वुई कॉल यू," म्हणाली. तरी बाईचा चेहरा पडलेलाच. तेव्हा धाकटीने काउंटरवरून वाकून मुलाच्या हनुवटीला बोट लावलं आणि म्हणाली, "कीप युअर चिन अप."

मूल हसलं, मग आई हसली. कीप युअर चिन अप. केच्या आठवड्यात थोरली हाच वाक्प्रचार कढई घासताना इतका घोकायची की नवरा वैतागून बाहेर फिरायला जायचा. हिंमत सोडू नका, असा त्याचा अर्थ. तिने तो शेकडो वेळा म्हटला होता, पण अजून एकाही माणसाला म्हटला नव्हता.

पुढे आणखी माणसं आली. काहींचं मिळालं, काहींचं नाही. धाकटी अडखळली, चुकली, एकदा छत्रीऐवजी काठी घेऊन आली आणि हसून परत गेली. पण एकाही वेळी तिने बाकाकडे बघितलं नाही. तिच्याकडे सव्वीसच्या सव्वीस अक्षरं होती. आपली तिने मुकाट्याने पाठ केली होती, आणि थोरलीची भाजी चिरता चिरता कानांनी गोळा केली होती. थोरलीला मात्र पलीकडचं काही मिळालं नव्हतं, कारण तिच्या आवाजात दुसऱ्या कुणाचा ऐकू येणं शक्यच नव्हतं. हे कळलं तेव्हा तिला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी इतका अभिमान वाटला की कोणतं आधी आणि कोणतं नंतर हे तिला सांगता आलं नसतं.

तास संपला. साहेबबाईंनी वही मिटली, नावाची कोरी पट्टी खिशातून काढली आणि धाकटीच्या समोर काउंटरवर ठेवली. "उद्यापासून," एवढंच म्हणाल्या. मग जाता जाता बाकापाशी थांबल्या. थोरली अजून तोंडावर हात धरून बसली होती.

"आता बोललात तरी चालेल," साहेबबाई म्हणाल्या. "यांना इंग्रजी कुणी शिकवलं?"

थोरलीने हात काढला. "अर्धं मी," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला. "आख्ख्या बिल्डिंगला शिकवलंय मी एमपर्यंत. आणि राहिलेलं अर्धं आता ही मला शिकवणार आहे."

धाकटीने खुर्ची जागच्या जागी अर्धी फिरवली आणि तिच्याकडे भुवया उंचावून बघितलं. काही बोलली नाही. वाट बघत राहिली.

थोरलीला कळायला थोडा वेळ लागला. मग ती उठली, गुडघ्यावर हात देत काउंटरपाशी गेली, आणि रांगेत प्रवासी उभे राहतात त्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"शिकवशील का गं मला?" तिने विचारलं.